गाडीचा नवा रंग : वॉटर पेपर आणि बफिंग

गाडीला रंग मारला, तो वाळला, की काम संपले असे गिऱ्हाइकाला वाटते. चांगल्या गॅरेजमध्ये मात्र त्यानंतर आणखी एक टप्पा असतो. रंगाच्या वरच्या थरात बसलेले धुळीचे कण, ओघळ आणि खडबडीतपणा पाण्यात भिजवलेल्या बारीक पॉलिश पेपरने घासून काढतात. मग फिरत्या पॅडवर कंपाउंड लावून घासलेल्या जागेची चकाकी परत आणतात. पहिल्या कामाला कारागीर ‘वॉटर पेपर मारणे’ म्हणतात, दुसऱ्याला ‘रबिंग’ किंवा ‘बफिंग’.

बेळगाव परिसरात डेंटिंग-पेंटिंगच्या व्यवसायात मराठी तरुण आहेत, आणि गाडी रंगवून घेण्याची वेळ तर कधी ना कधी प्रत्येक घरावर येते. रंगाच्या डब्यावरच्या सूचना बहुतेक इंग्रजीत असतात आणि बाकीचे ज्ञान मिस्त्रीकडून शिकाऊ पोराकडे तोंडी जाते. ही माहिती मराठीत एका जागी असावी, काम करणाऱ्याला आणि करवून घेणाऱ्याला दोघांनाही उपयोगी पडावी, यासाठी हा लेख.

सुरुवातीलाच एक गोष्ट लक्षात ठेवावी. या दोन्ही कामांत गाडीवर काहीही चढत नाही. जे होते ते थर कमी होण्याचे. चकाकी येते ती वरचा खडबडीत भाग काढून टाकल्यामुळे, आणि काढलेला थर पुन्हा मारल्याशिवाय परत येत नाही. म्हणून किती घासावे यापेक्षा कुठे थांबावे हे कळणे, हेच या कामातले खरे कसब.

थरांचा हिशेब

आजच्या बहुतेक मोटारींवर खालून वर असे थर असतात: पत्र्यावर गंजरोधक अस्तर, त्यावर प्राइमर, त्यावर रंगाचा बेस कोट आणि सर्वांत वर रंगहीन क्लिअर कोट. या क्लिअरला गॅरेजमध्ये ‘लॅकर’ही म्हणतात. गाडीचा रंग दिसतो तो बेस कोटमधून. चकाकी, ऊन-पावसापासूनचे संरक्षण आणि चरे सोसण्याची ताकद मात्र क्लिअरमध्ये असते. उन्हातले अतिनील किरण शोषणारी द्रव्येही त्यातच मिसळलेली असतात.

कारखान्यातून आलेल्या गाडीवर हे सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतात. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. छपाईच्या साध्या कागदाची जाडी सुमारे १०० मायक्रॉन असते. म्हणजे गाडीचा अख्खा रंग एखाद-दीड कागदाएवढा. त्यात क्लिअरचा वाटा साधारण ३५ ते ५० मायक्रॉनांचा, म्हणजे जेमतेम अर्धा कागद. घासकाम आणि बफिंग या अर्ध्या कागदात करायचे असते आणि करून झाल्यावर त्यातला बराचसा भाग शिल्लक ठेवायचा असतो.

समजा, गॅरेजमध्ये मारलेला क्लिअर ५० मायक्रॉन आहे आणि खडबडीतपणा सपाट करताना त्यातले १५ गेले. उरले ३५. पुढे दोन वर्षांनी कोणी चरे काढण्यासाठी पुन्हा जोरात रबिंग केले आणि आणखी १० गेले, तर उरतील २५. दिसायला गाडी तेव्हा चकचकीतच असेल. परिणाम दिसतो तो नंतर: टपावर आणि बॉनेटवर, जिथे ऊन थेट पडते तिथे, क्लिअर आधी पांढुरका पडतो आणि मग पापुद्रे सुटतात. म्हणून घासकाम करायचे हे आधीच ठरलेले असेल, तर जाणता रंगारी क्लिअरचा एक हात जास्त मारतो.

जुन्या पद्धतीच्या एकेरी रंगात वेगळा क्लिअर नसतो. तिथे घासताना पाण्यात रंग उतरतो आणि पॅडलाही लागतो. त्यात बिघडल्याचे लक्षण काही नाही. क्लिअर असलेल्या गाडीवर मात्र पाण्यात रंग दिसला, तर क्लिअर संपून कागद बेस कोटला भिडला असे समजावे.

थोडा इतिहास

मोटारींच्या सुरुवातीच्या काळात घोडागाड्यांप्रमाणेच ब्रशने तेलरंग आणि व्हार्निश लावत, आणि एका गाडीचे रंगकाम पुरे व्हायला आठवडे लागत. १९२३ साली अमेरिकेत जनरल मोटर्सने आपल्या ओकलंड गाड्यांवर ड्युपॉन्ट कंपनीचा ‘ड्युको’ हा नायट्रोसेल्युलोज रंग वापरायला सुरुवात केली. फवाऱ्याने मारता येणारा आणि भराभर वाळणारा हा रंग लवकरच सगळीकडे पसरला. आपल्याकडे सुतारकामात गुळगुळीत रंगवलेल्या कपाटांना आजही ‘ड्युको पेंट’ म्हणतात, ते नाव इथूनच आले.

पाण्यात वापरायचा कागद त्याच्या दोनच वर्षे आधीचा. फिलाडेल्फियातील शाई उत्पादक फ्रान्सिस ओकी यांच्या कल्पनेवरून थ्री-एम कंपनीने १९२१ साली ‘वेट-ऑर-ड्राय’ हा जलरोधक पॉलिश पेपर बाजारात आणला. त्या वेळच्या रंगांत शिसे असे, आणि कोरड्या घासकामाची धूळ कामगारांच्या फुप्फुसात जाई. पाण्याने ती धूळ खाली बसू लागली. म्हणजे वॉटर पेपरचा फायदा गाडीला जेवढा झाला, तेवढाच घासणाऱ्यालाही झाला. हा कागद गॅरेजमध्ये तपासायला नेणारे थ्री-एमचे तरुण कर्मचारी रिचर्ड ड्रू यांनी तिथल्या रंगाऱ्यांची अडचण पाहिली. दुरंगी गाडी रंगवताना चिकटवलेला कागद काढताना ताजा रंगही सोबत निघून येत असे. त्यावर त्यांनी १९२५ साली मास्किंग टेप तयार केली. आज घासकामात कडा झाकायला जी टेप लावतात, तिचा जन्म असा याच कामातून झाला.

नायट्रोसेल्युलोज रंग फवाऱ्यातून उतरल्यावर मंद दिसे. वॉटर पेपर आणि रबिंग कंपाउंडशिवाय त्याला झळाळी येतच नसे. अँबॅसेडर आणि प्रीमियर पद्मिनीच्या काळातील मिस्त्री या रंगावर शिकले, म्हणून ‘रबिंग केल्याशिवाय रंग पुरा होत नाही’ असे जुनी मंडळी म्हणतात. पुढे मेटॅलिक रंग आणि हार्डनर मिसळून मारायचे टू-के रंग रुळले. हे रंग फवाऱ्यातूनच चकचकीत उतरतात. त्यामुळे आज घासकाम हे सरसकट करायचे काम राहिलेले नाही. दोष असेल तिथे, दोषापुरते ते करायचे.

कोणते दोष निघतात, कोणते नाहीत

घासून निघण्यासारखे दोष तीन. पहिला, वरच्या थरात अडकलेले धुळीचे कण. दुसरा, ओघळ. तिसरा, संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा, ज्याला गॅरेजमध्येही ‘ऑरेंज पील’ म्हणतात. रंग दाट असणे, हवेचा दाब कमी असणे, गन लांब धरणे किंवा उन्हाळ्यात जलद उडणारे थिनर वापरणे, ही त्याची नेहमीची कारणे. रंग पत्र्यावर पसरण्याआधीच घट्ट होतो आणि थेंबांचे उंचवटे तसेच राहतात.

घासून न निघणारे दोषही ओळखले पाहिजेत. बेस कोटमध्ये अडकलेला कण, मेटॅलिक रंगातले ढग, लांबीच्या जागी दिसणारी कड, तेलाच्या किंवा सिलिकॉनच्या डागाने पडलेले खड्डे हे सगळे क्लिअरच्या खालचे किंवा क्लिअरच्या पूर्ण खोलीचे दोष आहेत. त्यांच्या मागे लागले तर क्लिअर संपेल आणि दोष तिथेच राहील. मेटॅलिक बेस कोटवर क्लिअर मारून झाल्यावर तो कागदाने दुरुस्त करता येत नाही. चंदेरी कण उघडे पडले की त्या जागी वेगळीच छटा दिसते.

आणखी एक मुद्दा सहसा सुटतो. कारखान्याच्या रंगातही थोडा खडबडीतपणा असतोच. चार दारांपैकी एकच दार रंगवून ते आरशासारखे सपाट केले, तर ते बाकीच्या तीन दारांशी जुळत नाही, आणि रंग तंतोतंत मिळूनही गाडी ‘मारलेली’ दिसते. अशा वेळी एखाद-दुसरा कण काढून थोडी पॉलिश करणे पुरेसे. शेजारच्या दाराशी जुळवणे हेच तिथले चांगले काम.

कधी घासावे

टू-के क्लिअरमध्ये दोन गोष्टी एकाच वेळी चालू असतात. थिनर उडून जाते, आणि हार्डनरशी रासायनिक क्रिया होऊन थर कडक होतो. पहिली आधी संपते, दुसरी कितीतरी दिवस चालते. बोटाला न चिकटणारा रंग आतून अजून मऊ असू शकतो.

बूथमध्ये भाजलेला क्लिअर, म्हणजे पत्र्याचे तापमान ६० अंश सेल्सिअसला सुमारे ३० मिनिटे धरलेला, पूर्ण थंड झाल्यावर साधारणपणे दुसऱ्या दिवशी घासता येतो. हवेवर वाळलेल्याला किमान एक पूर्ण दिवस आणि थंड किंवा पावसाळी हवेत त्याहून अधिक वेळ द्यावा लागतो. नेमका वेळ प्रत्येक कंपनीच्या माहितीपत्रकात दिलेला असतो, आणि तोच प्रमाण मानावा.

घाई केली तर काय होते? मऊ थरावर कागदाच्या रेघा खोल जातात. कंपाउंडने त्या झाकल्या जातात, गाडी चमकते, गिऱ्हाईक खूश होऊन घरी जाते. पुढच्या काही आठवड्यांत उरलेले थिनर उडून थर आकसतो आणि त्याच रेघा पुन्हा वर येतात. चकाकीही बसते. उशीर केल्याचे नुकसान त्यामानाने कमी. क्लिअर अधिक कडक होतो आणि हात जास्त चालवावा लागतो, एवढेच.

परीक्षा सोपी आहे. न दिसणाऱ्या कडेला नखाने दाबून पाहावे. वळ उठला तर थांबावे. घासताना कागदावर रंगाच्या चिकट गोळ्या जमू लागल्या तरीही थांबावे. थर तयार असेल तेव्हा कागदाखालून ताकासारखे पांढरे, पातळ पाणी निघते.

पावसाळ्यात बेळगाव-खानापूरच्या पट्ट्यात हवा थंड आणि ओली असते. थंडीने कडक होण्याची क्रिया मंदावते. शिवाय हार्डनरचे ओलाव्याशीही रासायनिक नाते आहे. दमट हवेत किंवा नीट बंद न केलेल्या डब्यातले हार्डनर वापरले तर थरात बारीक फुगे येतात किंवा चकाकी मंद होते. जून ते सप्टेंबर या काळात बूथ नसलेल्या गॅरेजने उन्हाळ्यातला वेळ धरून काम कबूल करू नये.

साहित्य

वॉटर पेपर काळा असतो. त्याचे दाणे सिलिकॉन कार्बाइडचे आणि पाठ पाण्याने न भिजणारी. पाठीवरचा आकडा जितका मोठा, तितका दाणा बारीक. आकड्याआधी ‘पी’ असेल तर तो युरोपीय मापाचा कागद. ‘पी’ असलेला आणि नसलेला कागद एकाच आकड्याचा असला तरी सारखा नसतो, म्हणून एका कामात दोन मापे मिसळू नयेत. ताज्या क्लिअरसाठी लागणारे कागद असे:

• पी ८०० ते पी १०००: फक्त ओघळ उतरवण्यासाठी, तेही छोट्या कडक ठोकळ्यावर. पी १००० चा दाणा सुमारे १८ मायक्रॉनांचा.
• पी १५००: धुळीचे कण आणि खडबडीतपणा सपाट करण्यासाठी. दाणा सुमारे साडेबारा मायक्रॉन.
• पी २०००: आधीच्या कागदाच्या रेघा काढण्यासाठी. दाणा सुमारे १० मायक्रॉन.
• पी २५०० आणि ३०००: बफिंग सोपे व्हावे म्हणून शेवटचा हात. ३००० चा कागद बहुधा फोमच्या पाठीचा मिळतो.

याशिवाय रबरी ठोकळा, स्वच्छ पाण्याच्या दोन बादल्या, भांड्याच्या किंवा गाडीच्या साबणाचे काही थेंब, मास्किंग टेप, पाणी ओढायला रबरी पट्टी, धुतलेली मऊ कापडे, लोकरीचा आणि फोमचा पॅड, जाडे कंपाउंड आणि बारीक पॉलिश एवढे लागते. ताज्या रंगावर वापरायचे कंपाउंड मेण आणि सिलिकॉन नसलेलेच घ्यावे.

रंगाची जाडी मोजायचे छोटे यंत्र मिळते. पत्र्यावर ते एकूण जाडी दाखवते. साधे यंत्र त्यातला क्लिअर वेगळा करून दाखवत नाही, आणि प्लॅस्टिकच्या बंपरवर ते चालत नाही. तरीही घासण्याआधी आणि नंतर मोजले, तर किती गेले ते कळते.

घासण्याची पद्धत

१. कागद अर्धा तास पाण्यात भिजत ठेवावा. कोरड्या कागदाची घडी कडक राहते आणि तिच्या कोपऱ्याने ओरखडा पडतो.

२. गाडी धुऊन घ्यावी. पत्र्यावर राहिलेला वाळूचा एक दाणा सगळ्या बारीक कागदांवर पाणी फिरवतो. कागद जमिनीवर पडला तर तो टाकून द्यावा.

३. दाराच्या आणि बॉनेटच्या कडा, पत्र्याच्या उठावदार रेषा आणि सांधे यांवर टेप लावावी. फवारलेला रंग कडेवर टिकत नाही, दोन्ही बाजूंना ओढला जातो. त्यामुळे थर तिथे सर्वांत पातळ असतो आणि ठोकळ्याचा दाब तिथेच सर्वांत जास्त पडतो. क्लिअर फुटतो तो बहुतेक वेळा कडेलाच.

४. ओघळ असेल तर आधी तो एकटाच उतरवावा. भोवती टेप लावून छोट्या कडक ठोकळ्याने फक्त उंचवट्यावर घासावे. ओघळ आतून सर्वांत उशिरा वाळतो, म्हणून त्याला जास्त दिवस द्यावेत.

५. मग पी १५०० ठोकळ्यावर गुंडाळून, भरपूर पाणी घेत, हलक्या हाताने सरळ रेषेत घासावे. गोल गोल घासू नये. नुसत्या बोटांनी घासले तर बोटांच्या दाबाच्या नाल्या पडतात आणि बफिंगनंतर त्या उन्हात दिसतात. दाब ठोकळ्याच्या वजनाएवढाच पुरे.

६. दर थोड्या वेळाने रबरी पट्टीने पाणी ओढून पाहावे. घासलेला उंचवटा मंद दिसतो आणि न घासलेला खळगा चमकतो. चमकणारे ठिपके कमी होत जातील. सगळा पृष्ठभाग एकसारखा मंद झाला की त्या कागदाचे काम संपले. शेवटचे दोन-चार ठिपके काढण्याच्या हट्टात थर सर्वांत जास्त जातो. ते राहू द्यावेत. उभ्या गाडीवर ते कोणाला दिसत नाहीत.

७. कागद बदलताना पाणीही बदलावे आणि घासण्याची दिशाही. आधीच्या रेघा आडव्या असतील तर आता उभ्या घासाव्यात, म्हणजे आधीच्या रेघा पूर्ण गेल्या की नाही ते दिसते. पी १५०० वरून थेट कंपाउंडवर उडी मारणारा कारागीर कागदाचे पैसे वाचवतो आणि बफिंगमध्ये दुप्पट वेळ आणि उष्णता घालवतो.

बफिंग

बफिंग म्हणजेही घासकामच. कागदाच्या जागी कंपाउंडमधले अतिबारीक दाणे असतात. गोल फिरणाऱ्या मशीनवर लोकरीचा पॅड लावून आधी जाडे कंपाउंड आणि नंतर फोमच्या पॅडवर बारीक पॉलिश, हा नेहमीचा क्रम. मशीनचा वेग साधारण १२०० ते १८०० फेऱ्यांच्या दरम्यान ठेवावा. एका वेळी दोन फूट चौरसाएवढीच जागा घ्यावी आणि मशीन सतत हलते ठेवावे.

इथला शत्रू उष्णता. मशीन एका जागी थांबले की क्लिअर तापून मऊ होतो आणि काही क्षणांत जळतो किंवा निघून जातो. मधून मधून उलट्या हाताने पत्रा चाचपावा. हात टेकवत नसेल तर खूप तापला. प्लॅस्टिकचा बंपर उष्णता पसरू देत नाही, तिथे अधिक सांभाळावे. पॅड कडेवर चढवू नये. तो पृष्ठभागाकडून कडेकडे उतरत जाईल अशा दिशेने फिरवावा. नव्या हाताने आधी दुहेरी गतीचे मशीन वापरावे. त्याने काम सावकाश होते, पण रंग जाळण्याची भीती कमी असते आणि उन्हात दिसणारी गोलाकार जाळीही पडत नाही.

काम झाले की कंपाउंडमधला तेलकटपणा पूर्ण पुसून गाडी उन्हात पाहावी. तेलाने भरलेले चरे गॅरेजच्या ट्यूबलाइटखाली दिसत नाहीत, पहिल्या धुण्यानंतर घरी दिसतात.

क्लिअर फुटलाच, तर त्या जागेपुरते काही करता येत नाही. तो अख्खा भाग पुन्हा तयार करून, गरज असेल तिथे बेस मारून, पूर्ण क्लिअर द्यावा लागतो. मेण किंवा पॉलिश लावून तो झाकणे म्हणजे गिऱ्हाइकाला सहा महिन्यांनी पडणारा खर्च लपवणे.

घासणाऱ्याचे आरोग्य

रंगकामातला सर्वांत मोठा धोका फवारणीच्या वेळचा. टू-के हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात आणि त्यांच्या फवाऱ्याने कायमचा दमा जडू शकतो. एकदा शरीराला त्यांचे वावडे झाले, की पुढे अगदी थोडा अंशही दम लावतो आणि तो कारागीर रंगकामच करू शकत नाही. नाकाला बांधलेला रुमाल किंवा साधा कापडी मास्क इथे निरुपयोगी आहे. बाहेरची स्वच्छ हवा नळीने पुरवणारा मास्क हाच योग्य उपाय.

घासकामात पाण्यामुळे धूळ उडत नाही, तरी अर्धवट वाळलेल्या थरात क्रिया न झालेले हार्डनर असू शकते. हातमोजे घालावेत. बफिंगच्या वेळी कंपाउंडचे शिंतोडे उडतात म्हणून डोळ्यांना चष्मा आणि नाकाला मास्क हवा. ओल्या फरशीवर विजेचे मशीन चालवताना अर्थिंग आणि गळती-रोधक स्विच नसेल तर जिवावर बेतू शकते. आधी फरशी कोरडी करावी, मग मशीन लावावे. घासलेले पाणी थेट गटारात न सोडता गाळ बसू द्यावा आणि गाळ वेगळा काढावा.

ही काळजी घेतली की कामाचा खर्च वाढतो. दोन गॅरेजच्या दरांची तुलना करताना गिऱ्हाइकाने हेही पाहावे.

दसऱ्याची घाई आणि ताजा रंग

आपल्याकडे गाडी रंगवायची आठवण गणपती आणि दसऱ्याच्या तोंडावर होते. खंडेनवमीला हत्यारांबरोबर गाड्यांचीही पूजा असते, आणि गाडी ‘नवमीला दारात पाहिजे’ असे सांगून लोक गॅरेजमध्ये ठाण मांडतात. पावसाळा नुकताच सरत असतो, हवा दमट असते, आणि रंगाला हवा असलेला एकेक दिवस या घाईत कापला जातो.

गाडी आदल्या दिवशी हातात आलीच, तर पूजा थोडी जपून करावी. बॉनेटवर थेट हळद-कुंकू लावू नये. हळदीचा पिवळेपणा उन्हाने हळूहळू उडतो, पण कुंकवातला कृत्रिम रंग मऊ क्लिअरमध्ये मुरू शकतो. स्वस्तिक समोरच्या काचेवर काढावे, गंध नंबर प्लेटला लावावे. झेंडूचा हार दोऱ्यात ओवलेला घ्यावा, तारेचा नको, आणि तो चिकटपट्टीने न चिकटवता बांधावा. ओली फुले रात्रभर रंगावर ठेवू नयेत. नारळ गाडीपासून चार पावले दूर फोडावा. यात श्रद्धेला कुठे बाध येत नाही, आणि गाडी पुढच्या नवमीलाही तशीच दिसते.

यापेक्षा सोपा मार्ग म्हणजे गाडी सणाच्या तीन-चार आठवडे आधी देणे. मिस्त्रीशी घासाघीस दरात करावी, दिवसांत करू नये.

गाडी परत घेताना आणि नंतर

गाडी उन्हात, बाजूने तिरके बघत तपासावी. कडा आणि उठावदार रेषा आधी पाहाव्यात. कुठे रंगाची छटा वेगळी किंवा अस्तर डोकावत असेल तर तिथेच दाखवावे. कोणत्या भागाला वॉटर पेपर लागला आणि कोणत्या भागाला नुसती पॉलिश झाली हे विचारून लिहून ठेवावे. पुढच्या वेळी कोणी रबिंग सुचवले तर ही नोंद उपयोगी पडते.

पहिला महिनाभर तरी मेण, टेफ्लॉन, सिरॅमिक असे काही लावू नये. थरातून बाहेर पडू पाहणारे थिनर त्याखाली अडकते. काही कंपन्या याहून जास्त दिवस सांगतात. पहिल्या आठवड्यात फक्त साधे पाणी वापरावे. पक्ष्याची विष्ठा दिसताच भिजवून काढावी. गाडीवर प्लॅस्टिकचे आवरण घालू नये. आणि सर्व्हिसिंगच्या बिलात दर वेळी येणारे ‘रबिंग-पॉलिश’ गरज नसेल तर नाकारावे. त्यातला प्रत्येक हात त्या अर्ध्या कागदातूनच जातो.

कामातले शब्द

अस्तर: रंगाआधीचा थर, प्राइमर.
लांबी: खळगे भरण्याची पुट्टी.
हात: फवाऱ्याचा किंवा ब्रशचा एक पूर्ण थर. ‘क्लिअरचे दोन हात.’
लॅकर: पूर्वी नायट्रोसेल्युलोज रंग. आज गॅरेजमध्ये टू-के क्लिअरलाही हाच शब्द.
टू-के: रंग आणि हार्डनर असे दोन घटक मिसळून वापरायचा प्रकार.
ओघळ: जास्त रंग बसल्याने खाली वाहून वाळलेला भाग.
ऑरेंज पील: संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा.
वॉटर पेपर: पाण्यात वापरायचा काळा पॉलिश पेपर.
रबिंग: जाड्या कंपाउंडने घासणे.
बफिंग: मशीनवरच्या पॅडने कंपाउंड किंवा पॉलिश फिरवणे.
क्लिअर फुटणे: घासताना क्लिअर संपून बेस कोट उघडा पडणे.